कॉलेज सोडून परत पोकरच्या टेबलावर बसू का?

एरवी या पानावर लग्न, नोकरी आणि सासू यांचीच पत्रं जास्त असतात, पण यावेळी पत्त्यांवर तीन पत्रं आली आणि तिन्ही नागपूरचीच, म्हणून एकत्र घेतेय. पहिल्याचं उत्तर बरंच लांबलंय. ज्यांना पोकरशी काही घेणंदेणं नाही त्यांनी सरळ दुसऱ्या पत्रावर जावं, ते जास्त घरांच्या कामाचं आहे.

प्रश्न : ताई नमस्कार, मी २४ वर्षांचा आहे, प्रतापनगरला राहतो, स्टॅटिस्टिक्स घेऊन बीएस्सी करून राहिलो, सेकंड इयर. वर्गात सगळ्यात मोठा मीच, पोट्टे मला काका म्हणतात. बारावीनंतर इंजिनीअरिंगला गेलो होतो पण लॉकडाऊनमध्ये ऑनलाइन पोकर शिकलो आणि त्यात जमायला लागलं तर इंजिनीअरिंग सोडलं. दोन-अडीच वर्षं त्याच्यावरच जगलो, घरातही पैसे द्यायचो, बाबांच्या अँजिओप्लास्टीला अर्धे पैसे माझे लागले होते. मग २०२३ च्या शेवटी जीएसटी लागला, टेबलं रिकामी व्हायला लागली, घरचे पण डिग्री डिग्री करून मागे लागले म्हणून २०२४ ला ही ॲडमिशन घेतली. मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये तर साइट्सच बंद झाल्या. आता जुने दोन मित्र गोव्यात फ्लॅट घेऊन लाइव्ह, म्हणजे कसिनोत समोरासमोर बसून, खेळतात, म्हणतात ये, इथे टेबलं खूप सोपी आहेत. त्यातला एक मला स्टेक करायला, म्हणजे खेळायला पैसे द्यायला, पण तयार आहे, फिफ्टी-फिफ्टी. माझ्याजवळ साडेचार लाख हँड्स (म्हणजे डाव) सेव्ह आहेत, २५-५० च्या टेबलवर दर शंभर हँड्समागे ४ बिग ब्लाइंड (डाव सुरू होतानाच लावावी लागणारी रक्कम, इथे ५० रुपये) प्रॉफिट, म्हणजे लक नव्हतं हे मला माहितीये. इकडे वर्गात सर बायनोमियल फळ्यावर उतरवून देतात आणि आम्ही वहीत उतरवतो, झोप येते. उन्हाळी परीक्षा न देता आत्ताच निघून जाऊ का? आईसाठी तर हा जुगारच आहे, तिच्याशी बोलून फायदा नाही, म्हणून तुम्हाला विचारून राहिलो.

उत्तर : हे बघ, आधी तुझ्या बाजूचं बोलते म्हणजे तू पुढचं नीट वाचशील. साडेचार लाख हँड्समध्ये शंभराला ४ म्हणजे १८ हजार बिग ब्लाइंड झाले, ५० रुपयाने ९ लाख. या खेळात चढउतार शंभर हँड्सला साधारण ९० बिग ब्लाइंडचा धरतात, तो एवढ्या हँड्सवर सहा हजारांच्या आसपास येतो आणि तुझी कमाई त्याच्या तिप्पट आहे. स्टॅटिस्टिक्सवाल्याला याचा अर्थ सांगायची गरज नाही. तू खरंच जिंकणारा प्लेअर होतास, नशिबाने एवढं लांब कोणी ओढत नाही. आईलाही हे एकदा कागदावर मांडून दाखव, ती ऐकणार नाही असं तू आधीच ठरवून बसलायस, पण ज्या बाईच्या नवऱ्याच्या ऑपरेशनला हे पैसे लागले ती पाच मिनिटं तरी ऐकेल असं मला वाटतं.

तर पोकर जुगार आहे म्हणून जाऊ नको, असं मी म्हणणार नाही. माझं म्हणणं वेगळं आहे. तू ज्या धंद्यात परत जायचं म्हणतोयस तो धंदा आता राहिलेलाच नाही. गोव्यात जे आहे तो दुसरा धंदा आहे, पत्ते तेच आहेत फक्त. आणि तुझा सगळा हिशोब, तो विनरेट (दर शंभर हँड्समागची सरासरी कमाई), तो डेटाबेस, तो आत्मविश्वास, सगळं जुन्या धंद्याचं आहे.

ऑनलाइनचं एका परिच्छेदात संपवते कारण त्यात बोलायला फार उरलं नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला राष्ट्रपतींची सही झाली, आणि त्यात पैसे लावून खेळायचे सगळे ऑनलाइन गेम बंद, स्किलचे असोत की नशिबाचे, तो फरकच काढून टाकला. चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड, पैशाचा व्यवहार करून देणाऱ्यालाही तेवढंच, जाहिरात करणाऱ्याला २ वर्षं आणि ५० लाख. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, हे खरं, पण खेळणार कुठे? कायद्याला कोर्टात आव्हान दिलेलं आहे आणि तुझे मित्र रोज 'स्टे येणार' म्हणत असतील, तर ते आल्यावर बघू, कोर्टाच्या तारखेवर कोणी भाडं भरत नसतं. असं याच्या आधीही झालंय म्हणा. १५ एप्रिल २०११ ला अमेरिकेत सरकारने पोकरस्टार्स, फुल टिल्ट आणि ॲब्सोल्यूट पोकर यांचे डोमेन एका दिवसात जप्त केले, तिकडच्या प्लेअर लोकांनी त्याला ब्लॅक फ्रायडे नाव दिलं. फुल टिल्टवर ज्या अमेरिकन प्लेअर लोकांचे पैसे अडकले होते त्यांना ते परत मिळायला सुरुवात झाली २०१४ मध्ये. त्यातले कितीतरी जण चांगले खेळणारे होते, बॉसला शिव्या देऊन नोकऱ्या सोडून आलेले. खेळ त्यांचा खराब झाला नव्हता, जागा गेली होती. काही कॅनडाला गेले, काही मेक्सिकोला, तुझे दोस्त गोव्याला गेलेत तसे.

आता गोवा. इथे थोडं थांबूया.

ऑनलाइन तू चार टेबलं एकदम लावत असशील, तासाला अडीचशे-तीनशे हँड्स. लाइव्हला डीलर पत्ते वाटणार, कोणी विचार करत बसणार, कोणी ड्रिंक मागवणार, कोणी चिप्स मोजणार, एक जण तर असतोच जो प्रत्येक हँडनंतर मागची हँड सगळ्यांना समजावून सांगतो. तासाला २५ ते ३०, बस. आठ तास बसलास तर दोनशे-सव्वादोनशे. जे साडेचार लाख हँड्स तू अडीच वर्षांत खेळलास तेवढे तिथे खेळायला वर्षाचे अडीचशे दिवस रोज आठ तास बसून आठ वर्षांच्या वर जातील. म्हणजे काय, की तू लाइव्हला चांगला आहेस की नाही हे तुला स्वतःलाच कित्येक वर्षं कळणार नाही. समजा शंभर दिवस बसलास, साडेएकवीस हजार हँड्स झाल्या आणि तुझा विनरेट तिथेही तोच ४ राहिला, तर नीट खेळूनही मायनसमध्ये घरी यायची शक्यता चारात एक आहे. तूच काढून बघ, वहीत उतरवलेलं कामी येईल. टेबल सोपं असेल आणि विनरेट १० झाला तर ती शक्यता वीसात एक होते, हेही सांगते, उगाच एकाच बाजूचं नको. लाइव्हचे प्लेअर ऑनलाइनपेक्षा कच्चे असतात हे तुझे मित्र खोटं सांगत नाहीत. पण ते १० आहे हे ठरवणार कोण? तुझे मित्र एक सीझन खेळलेत, आणि एक सीझन चांगला गेला तर माणूस त्याला विनरेट म्हणतो, वाईट गेला तर व्हेरियन्स, म्हणजे नशिबाचा चढउतार, म्हणतो.

पण खरं दुखणं हे नाहीच. खरं दुखणं टॅक्सचं आहे आणि तुझ्या पत्रात टॅक्स हा शब्दच नाही, म्हणून मला लिहायला जास्त काळजी वाटली.

ऑनलाइनला २०२३-२४ पासून जो नियम होता तो असा की वर्षभरात एका साइटवर टाकलेले आणि काढलेले यांचा हिशोब करून जे नेट जिंकलं त्याच्यावर ३० टक्के. हरलेलं जिंकलेल्यातून त्या साइटपुरतं वजा होत होतं. लाइव्ह पत्त्यांच्या कमाईला ही सोय नाही. तिथेही ३० टक्केच, वर सेस धरून ३१.२, पण हरलेली रक्कम जिंकलेल्या रकमेतून वजा करू देत नाहीत, पुढच्या वर्षात नेऊ देत नाहीत, खर्च धरू देत नाहीत, आणि अडीच-तीन-चार लाखांपर्यंत सूट वगैरे जे असतं ते या कमाईला लागूच नाही. एक महिना धर. अठरा दिवस बसलास. दहा दिवस जिंकलास, मिळून साडेचार लाख. आठ दिवस हरलास, मिळून तीन लाख. तुझ्या डायरीत प्रॉफिट दीड लाख, मित्रांना पार्टी. टॅक्स मात्र साडेचार लाखांवर, म्हणजे १ लाख ४० हजार ४००. हातात राहिले ९,६००. यातून फ्लॅटचं भाडं, जेवण, पेट्रोल आणि नागपूरला यायचं तिकीट.

हो, मला माहितीये, तिकडे सगळे म्हणतात कोण दाखवतं एवढं. मोठ्या जिंकण्यावर कसिनो टीडीएस कापतो तेव्हा ते आपोआप दिसतं, आणि तू काय ते दाखवणारेस की लपवणारेस हे तुझ्या धंद्याच्या मॉडेलचा भाग असेल तर मग तो धंदा नाही. शिवाय जीएसटी. २२ सप्टेंबर २०२५ पासून कसिनोला ४० टक्के लागतो आणि तो चिप्स विकत घ्यायला दिलेल्या रकमेवर धरतात. पोकर रूम तो कुठून वसूल करते, रेकमध्ये वाढवून की बाय-इनवर (टेबलवर बसताना घेतलेल्या चिप्सच्या रकमेवर), हे मित्राला फोन करून नेमकं विचार, 'सगळं इनक्लूड असतं भाई' असं उत्तर चालणार नाही. त्याला रेक किती आणि कॅप, म्हणजे त्याची वरची मर्यादा, किती हेही विचार. रेक म्हणजे प्रत्येक पॉटमधून, डावात जमलेल्या पैशातून, कसिनो जे कापून घेतो ते, बाकीच्या वाचकांसाठी सांगते.

आता ते स्टेकिंग. फिफ्टी-फिफ्टी ऐकायला छान वाटतं, पैसा त्याचा, डोकं तुझं. पण त्याच्यात मेकअप असतो, आणि तू लिहिलं नाहीस म्हणजे एक तर तुला माहिती आहे आणि आवडत नाही, किंवा त्याने सांगितलं नाही. पहिल्या महिन्यात तू ३ लाख हरलास तर ते तुझ्या नावावर मेकअप. दुसऱ्या महिन्यात अडीच लाख जिंकलास तर ते सगळे त्याला, तुला शून्य, वर ५० हजार मेकअप बाकीच. दोन महिने काम केलंस, दुसरा महिना मस्त खेळलास आणि खिशात आला नाही एक रुपया. आणि जिंकल्यावर टॅक्स कोणाच्या पॅनवर जाणार? टेबलवर तू बसणार, चिप्स तुझ्या नावाने कॅश होणार, टीडीएस तुझा कापला जाणार आणि अर्धे पैसे त्याला द्यायचे. हे सगळं लिहून घेतल्याशिवाय मित्राच्या पैशावर एक हँड खेळू नकोस. मित्र आहे म्हणूनच लिहून घे, अनोळखी असता तर तू लिहून घेतलंच असतं.

मग करायचं काय. माझं स्पष्ट मत, आत्ता जाऊ नकोस, उन्हाळी परीक्षा दे. काहून म्हणशील तर ऐक. तू २०२४ ला ॲडमिशन घेतलीस म्हणजे तू नव्या शैक्षणिक धोरणाच्या बॅचचा आहेस. त्यात एक वर्ष पूर्ण केलं की सर्टिफिकेट, दोन वर्षं पूर्ण केली की डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं, त्यासाठी ४ क्रेडिटचा एक व्होकेशनल कोर्स उन्हाळ्यात करावा लागतो. बाहेर पडल्यावर तीन वर्षांत परत येऊ शकतोस आणि जास्तीत जास्त सात वर्षांत डिग्री पूर्ण करायची, क्रेडिट्स ॲकॅडमिक बँकेत जमा राहतात. पण हे सगळं दोन वर्षं 'पूर्ण' केली तर. आत्ता चौथं सेमिस्टर अर्धवट टाकून पळालास तर इंजिनीअरिंगसारखं परत हातात काही नाही, आणि दोनदा सोडलेलं पुढे कुठल्याही इंटरव्ह्यूत समजावून सांगायला फार जड जातं. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न आहे रे. कॉलेजच्या ऑफिसात जा, एक्झिटचे नियम तुझ्या कोर्सला कसे लागू आहेत ते लेखी माग, तोंडी सांगितलेलं आपल्याकडे पुढच्या वर्षी बदलतं. तुझा एबीसी आयडी, म्हणजे त्याच ॲकॅडमिक बँकेचा नंबर, डिजिलॉकरमध्ये उघडून बघ आणि तीन सेमिस्टरचे क्रेडिट्स खरंच चढलेत का ते तपास, अर्ध्या पोट्ट्यांचे चढलेले नसतात आणि कोणी बघतही नाही.

माझं ऐकशील तर तिसरं वर्षही कर, पण ते मी जबरदस्तीने म्हणणार नाही. फक्त एवढं बघ की तुला जो विषय झोप आणतो तो तू अडीच वर्षं पैसे लावून खेळत होतास. सर फळ्यावर काय उतरवतात ते सोड, तुझे साडेचार लाख हँड्स घे आणि त्याच्यावर प्रोजेक्ट कर, पोझिशननुसार विनरेट, कॉन्फिडन्स इंटरव्हल, हरण्याचे सलग पट्टे किती लांब गेले, असा डेटा वर्गात दुसऱ्या कोणाकडेच नाही. स्टॅटिस्टिक्सची डिग्री झाली की यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिसची परीक्षा देता येते, वय ३० पर्यंत. ॲक्च्युअरीचा रस्ता आहे, तो तर बारावीवरही सुरू होतो, त्याच्या एंट्रन्सला बसून बघ. रिस्क, प्रायसिंग असली कामं करणाऱ्या कंपन्यांना पोकर खेळलेला माणूस आवडतो, डिग्रीवाला असेल तर. नसेल तर त्यांना तो नुसता पोकर खेळलेला माणूस दिसतो.

आणि एवढं सगळं वाचूनही जायचंच असेल, तर परीक्षेनंतरच्या सुट्टीत जा, स्वतःच्या पैशाने, स्टेक न घेता. लाइव्हला ४० बाय-इन तरी हवेत असं मी धरते. समजा १००-२०० चं टेबल, बाय-इन २० हजार, म्हणजे ८ लाख, आणि हे आठ लाख जाऊन दे म्हटलं तरी घरावर काही परिणाम होणार नाही असे हवेत, बाबांच्या औषधाचे नकोत. राहण्याखाण्याचे सहा महिन्यांचे वेगळे ठेव. नसतील तेवढे, तर नाहीत, उत्तर मिळालं. प्रत्येक सेशनची तारीख, तास, बाय-इन, कॅश-आउट लिही आणि जायच्या आधी सीएला भेट, हजार-दोन हजार फी घेईल पण वरचा ९,६०० चा हिशोब तुझ्या आकड्यांवर मांडून देईल. त्याला विचारायला लाज वाटू देऊ नको, धरमपेठेतल्या सीएंनी शेअर बाजारात बुडालेले काय कमी बघितलेत.

एक राहिलं. तू लिहिलंस 'टेबलं खूप सोपी आहेत'. सोपी म्हणजे तिथे हरायला आलेली माणसं आहेत, सुट्टीवर आलेली, आणि २०२५ च्या बंदीनंतर तुझ्यासारखे ऑनलाइनवर तयार झालेले सगळे पोट्टे आता त्याच मोजक्या रूम्समध्ये येऊन बसलेत. सोप्या माणसांमागे तुझ्यासारखे किती झालेत, हे मित्राला विचार. तो खरं बोलणारा असेल तर या प्रश्नावर थोडा वेळ गप्प बसेल.

प्रश्न : ताई, मी मानेवाडा भागात राहतो, सरकारी नोकरीत आहे. मुलगा २१ वर्षांचा, फायनल इयर. तो कुठल्यातरी बाहेरच्या देशाच्या ॲपवर पोकर खेळतो. म्हणतो बाबा हा स्किलचा गेम आहे, तुम्हाला समजणार नाही. मागच्या महिन्यात त्याच्या बँक खात्यावर होल्ड लागला, दुसऱ्या राज्याच्या पोलिसांची तक्रार आहे म्हणतात. मित्रांकडून उसने पण घेतलेत, किती ते नीट सांगत नाही. आता म्हणतो कॉलेज सोडतो आणि फुल टाइम खेळून सगळे पैसे परत काढतो. काय करावं समजून नाही राहिलं.

उत्तर : भाऊ, वरच्या पत्रातला मुलगा आणि तुमचा मुलगा एकच शब्द वापरतात पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. वरच्याजवळ हिशोब आहे. तुमच्याजवळचा 'परत काढतो' म्हणतो. हरलेले परत काढायला खेळणं आणि उसने किती ते लपवणं, या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की स्किलचा वाद घालत बसू नका, तो वाद तो जिंकेल आणि तुमचा वेळ जाईल.

आधी खातं. बाहेरच्या ॲपवर पैसे भरायला ते लोक कोणाच्याही वैयक्तिक खात्यावर यूपीआय करायला लावतात आणि काढताना असाच कोणाच्या तरी खात्यातून पैसा येतो. तो पैसा बरेचदा दुसऱ्या कोणाच्या फसवणुकीचा असतो. ज्याची फसवणूक झाली त्याने सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार केली की पैसा जिथे जिथे फिरला त्या सगळ्या खात्यांवर होल्ड येतो, तुमच्या मुलाचं त्यातलं एक. बँकेत जाऊन तक्रारीचा नंबर, कुठल्या पोलीस स्टेशनची आहे आणि किती रकमेवर होल्ड आहे हे लेखी घ्या. मग त्या पोलीस स्टेशनला ईमेलने स्टेटमेंट आणि तो पैसा कशाचा होता ते खरं खरं लिहून पाठवा, खोटी कहाणी रचू नका, नंतर तीच गळ्यात येते. रक्कम मोठी असेल तर वकिलाला विचारूनच पाठवा. व्हॉट्सॲपवर 'खातं दोन दिवसांत मोकळं करून देतो' म्हणणारे एजंट भेटतील, त्यांना एक रुपया देऊ नका. आणि काहीही झालं तरी आईच्या नाहीतर बहिणीच्या नावाचं खातं त्याला वापरू देऊ नका. हे तो मागणारच, 'फक्त एकदा' म्हणून.

उसन्यांचं, त्याच्या हातात पैसे देऊन 'फेडून ये' म्हणू नका. मित्रांची नावं आणि रकमा त्याच्याकडून कागदावर घ्या, त्या मुलांना घरी बोलवा, चहा पाजा आणि शक्य असेल तेवढं तुम्ही स्वतः द्या. चारचौघांत त्याची अब्रू जाईल अशी भीती वाटेल, पण त्या मुलांना सगळं आधीच माहिती आहे, फक्त तुम्हालाच माहिती नाही.

कॉलेज सोडायचा विषय आत्ता घरात काढूच देऊ नका. परीक्षेचा फॉर्म भरला का तेवढं बघा. आणि त्याला घेऊन मेडिकलच्या, म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार ओपीडीत जा, केसपेपर काढा, सकाळी लवकर गेलात तर गर्दी कमी मिळते. पैसे लावून खेळायचं व्यसन हा डॉक्टरांच्या पुस्तकातला आजार आहे, संस्काराचा प्रश्न नाही, त्यामुळे 'आमच्या घरात असं कधी झालं नाही' हे डॉक्टरसमोर बोलू नका. तो यायला तयार नसेल तर तुम्ही एकटे टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा, मराठीत बोलतात, फुकट आहे. तुमचाही आवाज पत्रात थकलेला वाटतो.

प्रश्न : आम्ही आठ-दहा मित्र दर शनिवारी मनीषनगरला एकाच्या फ्लॅटवर पोकर खेळतो. ज्याचा फ्लॅट तो प्रत्येक पॉटमधून ५ टक्के काढतो, एसी आणि सावजीच्या खर्चाला म्हणतो. ऑनलाइन बंद आहे हे माहिती आहे पण घरी खेळायला तर काही प्रॉब्लेम नाही ना?

उत्तर : प्रॉब्लेम त्या पाच टक्क्यात आहे. महाराष्ट्रात अजून १८८७ चाच जुगार प्रतिबंधक कायदा चालतो. त्यात निव्वळ कौशल्याच्या खेळाला सूट आहे, पण पोकर त्यात बसतं का यावर कोर्टांचंच एकमत नाही, कर्नाटक हायकोर्टाने २०१३ मध्ये एक म्हटलं आणि गुजरात हायकोर्टाने २०१७ मध्ये बरोबर उलटं. तुम्ही शनिवारी रात्री बेलवर पोलीस आल्यावर हे त्यांना समजावून सांगणार का? जागेच्या मालकाने खेळातून कमाई केली की ती जागा कायद्याच्या भाषेत जुगाराचा अड्डा होते, आणि मग मालक तर अडकतोच, तिथे सापडलेल्यांवरही केस होते. तुमच्यापैकी कोणी नोकरीच्या पोलीस व्हेरिफिकेशनच्या लाइनीत असेल तर त्याला फार महागात जाईल. सावजीचे पैसे वर्गणी काढून आधीच द्या, पॉटमधून काही काढू नका, बाहेरच्या अनोळखी माणसाला 'एक प्लेअर कमी आहे' म्हणून बोलवू नका, आणि शक्य असेल तर पैशाशिवाय चिप्सवर खेळा. त्यात मजा येत नाही असं तुमच्यातला जो पहिला म्हणेल, तो वर्षभरात किती हरला हे त्यालाच एकदा विचारून बघा.